‘परत झाला’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: मी वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. न्यूरोसर्जरीची ओढ आहे म्हणून विभागातल्या सरांना भेटले आणि त्यांनी लगेच काम दिलं. गेल्या पाच वर्षांत क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमासाठी (मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं जुनं रक्त) बर होलचं (कवटीला छोटं भोक पाडून ते काढण्याचं) ऑपरेशन झालेले १८० रुग्ण. ‘कुणाला परत झाला आणि का, ते काढ’ एवढंच सांगितलं. मी एक्सेलमध्ये ६४ कॉलम केले. दोन महिन्यांत ४० फायली झाल्या, त्यात चौघांना परत झाल्याचं दिसतं. पण माझं आणि रेसिडेंटचं मिडलाइन शिफ्टचं (मेंदूचा मध्य किती सरकला याचं) माप जुळत नाही, निम्म्या ओटी नोटमध्ये (ऑपरेशनच्या नोंदीत) ड्रेनचा, म्हणजे उरलेला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीचा, उल्लेखच नाही आणि बरेच रुग्ण टाके काढल्यावर पुन्हा आलेलेच नाहीत. पेपरवर माझं नाव असेल का, असं विचारल्यावर ‘बघू नंतर’ असं उत्तर मिळालं. परीक्षा चार महिन्यांवर आहे. हे संशोधन आहे की कारकुनी? पुढे कसं जाऊ?

उत्तर: एकेचाळिसावी फाइल आत्ता उघडू नकोस. तुझ्या अडचणी तू चार सांगितल्यास, पण त्यातल्या तीन एकाच ठिकाणाहून आल्या आहेत. काय मोजायचं, हे ठरण्याआधी मोजणी सुरू झाली. तो दोष तुझा नाही. विद्यार्थ्यांच्या हाती फायलींचा गठ्ठा असाच येतो. पण ते ठरवण्याचं काम आता तुलाच करावं लागेल, कारण विभागात एकेक केसपेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारी दुसरी कुणी नसेल.

‘परत झाला’ हे दोन शब्द तू सहज लिहून गेलीस. त्यांचे किमान चार अर्थ निघतात. सीटीत पुन्हा द्रव दिसला. डोकेदुखी किंवा हातापायातला अशक्तपणा पुन्हा सुरू झाला. त्याच बाजूला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. किंवा आता दुसऱ्या बाजूला हिमॅटोमा झाला. पहिला अर्थ धरलास तर जवळजवळ प्रत्येकालाच परत झाला असं दिसेल. वयस्क मेंदू आकसलेला असतो. दाब सुटला म्हणून तो लगेच फुलून कवटीला टेकत नाही, रिकामी जागा भरायला आठवडे जातात. तोवर सीटीत थोडी हवा, थोडा द्रव आणि जुन्या रक्ताचा पातळ थर राहतोच. ते अवशेष आहेत, पुनरावृत्ती नव्हे. म्हणून बहुतेक अभ्यास तिसरा अर्थ घेतात आणि तूही तोच घे: पहिल्या ऑपरेशनपासून ९० दिवसांच्या आत, त्याच बाजूला, लक्षणांमुळे झालेलं पुन्हा ऑपरेशन. तुझे ‘चौघे’ या व्याख्येत बसतात का, ते तपास. एखादा गळण्याची बरीच शक्यता आहे.

ही व्याख्याही पूर्ण निर्दोष नाही, हे लिहून ठेव. पुन्हा ऑपरेशन करायचं की थांबायचं हा सर्जनचा निर्णय असतो आणि प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. फार थकलेल्या रुग्णाला पुन्हा टेबलावर घेतलंच जात नाही. आणि जो रुग्ण नवव्या दिवशी न्यूमोनियानं गेला, त्याला ‘परत झाला नाही’ या रकान्यात टाकलंस तर मृत्यूमुळे तुझा निकाल चांगला दिसू लागेल. ९० दिवसांतले मृत्यू स्वतंत्र मोज.

आता एका कागदावर, एकाच पानात, प्रोटोकॉल लिही. कोणते रुग्ण घेणार, कोणते नाही: वय, आधी शंट (मेंदूतलं पाणी वळवणारी नळी) बसवलेले, क्रॅनिओटॉमी (कवटीचा तुकडा उघडून केलेलं ऑपरेशन) झालेले, दुसरीकडे पहिलं ऑपरेशन होऊन आलेले. मुख्य निष्पत्ती कोणती. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. कुठले घटक तपासणार आणि ते का. निरीक्षणात्मक अभ्यास कसे मांडावेत यासाठी २००७ साली प्रसिद्ध झालेली २२ मुद्द्यांची स्ट्रोब नावाची तपासणी-यादी आहे. लोक ती पेपर पाठवताना शेवटच्या रात्री भरतात. तू आज उघड. निम्मा प्रोटोकॉल तिथेच सापडतो.

१८० हा आकडा कुठून आला, हेही विचार. ओटी रजिस्टर घेऊन त्या पाच वर्षांतली बर होलची प्रत्येक नोंद मोज. रजिस्टरमध्ये २०४ नोंदी असतील आणि हाती १८० फायली असतील, तर उरलेल्या २४ कुठे गेल्या? रेकॉर्ड विभागात न सापडणाऱ्या फायली बहुधा योगायोगानं हरवलेल्या नसतात. मृत्यू झालेले, कायदेशीर प्रकरण असलेले, पुन्हा पुन्हा भरती झालेले रुग्ण त्यात जास्त असू शकतात. उलटही होतं: पुन्हा ऑपरेशन झालेल्या माणसाची दुसरी भरती वेगळ्या नोंदणी क्रमांकानं १८० मध्ये स्वतंत्र रुग्ण म्हणून बसलेली असते. मग एक माणूस दोनदा मोजला जातो आणि त्याची पुनरावृत्ती एकदाही मोजली जात नाही. नाव, वय आणि बाजू लावून जोड्या शोध. हे काम दोन दुपारींचं आहे आणि सगळ्या अभ्यासाचा पाया त्यावर आहे.

दोन्ही बाजूंना हिमॅटोमा असलेल्या रुग्णांचं काय? एक ओळ म्हणजे एक रुग्ण, की एक ओळ म्हणजे एक बाजू? एकाच माणसाच्या दोन बाजू एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. रक्त पातळ करणारी गोळी दोन्हीकडे सारखीच पोहोचते. त्यांना दोन रुग्ण म्हणून मोजलंस तर नमुना उगाच मोठा भासतो. सोपा मार्ग म्हणजे एक ओळ एक रुग्ण ठेवायची आणि ‘द्विपार्श्व’ हा एक कॉलम करायचा.

चौसष्ट कॉलमांतले चाळीस तरी काढून टाक. प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचार: याचं उत्तर माझ्या मुख्य प्रश्नाला लागतं का? सोडियमची रोजची किंमत लागत नाही. राहतील त्या प्रत्येक कॉलमसाठी एक नियम लिही. या नियमांच्या यादीला डेटा डिक्शनरी म्हणतात. ग्लासगो कोमा स्केल (रुग्ण किती शुद्धीवर आहे याचं माप) बेरजेत लिहू नकोस. डोळे, बोलणं आणि हालचाल हे तीन आकडे वेगळे ठेव. नळी घातलेल्या रुग्णाचं बोलणं तपासता येत नाही. तिथे १ लिहिणं चूक आहे, ‘तपासता आलं नाही’ असा वेगळा संकेत हवा. डाव्या बाजूच्या हिमॅटोमात वाचा गेलेला माणूस पूर्ण जागा असतो, पण बेरजेत तो गुंगीत असल्यासारखा दिसतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसाठी ‘हो-नाही’ पुरत नाही: अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि नवी अँटिकोअॅग्युलंट औषधं वेगळी लिही, शेवटचा डोस ऑपरेशनच्या किती दिवस आधी घेतला ते लिही, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा घे.

कुठलाही चौकोन रिकामा ठेवायचा नाही. रिकाम्या चौकोनाचे तीन अर्थ होतात: नव्हतं, लिहिलेलं नव्हतं, किंवा तुझं बघायचं राहिलं. सहा महिन्यांनी तुलाही ते सांगता येणार नाही. ‘नाही’साठी ०, ‘नोंद नाही’साठी ९९ असा संकेत ठरव, आणि तो वयासारख्या कॉलममध्ये वापरू नकोस, कारण ९९ वर्षांचा रुग्ण खराच असू शकतो.

ड्रेनची गोष्ट इथेच येते. ओटी नोटमध्ये उल्लेख नाही म्हणजे ड्रेन घातला नाही, असं धरून चालू नकोस. ड्रेन घातला असेल तर नर्सिंगच्या इनटेक-आउटपुट चार्टवर दर पाळीत किती मिली आलं ते लिहिलेलं असतं. ऑपरेशननंतरच्या सीटीत नळी दिसते. काढताना प्रोग्रेस नोटमध्ये एक ओळ असते. क्रम आधीच ठरव: ओटी नोट, मग ड्रेन चार्ट, मग सीटी, तिन्हीकडे काही नसेल तर ९९. हा शोध सगळ्यांच्या फायलीत सारख्याच चिकाटीनं घे. ज्यांना परत झाला त्यांच्या फायली जाड असतात आणि त्या आपण जास्त कसून वाचतो. तेवढ्यानंच त्यांच्यात जास्त ‘कारणं’ सापडतात.

रेसिडेंटशी माप जुळत नाही, यात कोण बरोबर हा प्रश्न आधी येत नाही. तुम्ही दोघं एकच गोष्ट मोजताय का, हे आधी बघायचं. मिडलाइन शिफ्टसाठी फाल्क्स (मेंदूच्या दोन अर्धांमधला उभा पडदा) पुढे आणि मागे कवटीच्या आतल्या पृष्ठाला जिथे चिकटतो ते दोन बिंदू रेषेनं जोड आणि फोरामेन ऑफ मन्रोच्या (मेंदूतल्या पोकळ्या जोडणाऱ्या छिद्राच्या) पातळीवर सेप्टम पेल्युसिडम (त्या पोकळ्यांमधला पातळ पडदा) त्या रेषेपासून किती मिलिमीटर सरकलंय ते मोज. एकानं वरच्या स्लाइसवर आणि दुसऱ्यानं खालच्या स्लाइसवर मोजलं, की तीन-चार मिमीचा फरक सहज पडतो. डोकं तिरकं ठेवून काढलेल्या सीटीत दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या पातळ्या एकाच चित्रात येतात. तिथे आधी प्रतिमा सरळ करून घ्यावी लागते. जाडी मोजतानाची चूक वेगळी. कवटीच्या माथ्याजवळ आडव्या स्लाइस वक्र हाडाला तिरक्या छेदतात, त्यामुळे थर आहे त्यापेक्षा जाड दिसतो. माथ्याजवळचा हिमॅटोमा कोरोनल (समोरून उभ्या छेदाच्या) चित्रावर, हाडाच्या आतल्या कडेला लंब धरून मोज. विंडोही (चित्रातल्या करड्या छटांची मर्यादा) एकच हवी. मेंदूच्या नेहमीच्या, सुमारे ८० रुंदीच्या विंडोत हाडालगतचं ताजं रक्त हाडातच मिसळून जातं. रुंदी २०० च्या आसपास नेली की कड सुटी होते. पडद्यावर मोजलेलं आणि फिल्मवर पट्टी धरून मोजलेलं एकत्र करू नकोस.

मग २० सीटी निवड, दोघांनी वेगवेगळे बसून मोजा आणि मोजताना त्या रुग्णाला परत झाला की नाही हे दोघांनाही माहीत नको. मापांच्या फरकांची सरासरी आणि पसारा काढ; ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. सहसंबंधाचा आकडा काढून समाधान मानू नकोस. रेसिडेंटचं प्रत्येक माप तुझ्यापेक्षा नेमकं ३ मिमीनं जास्त असलं, तरी सहसंबंध १ येतो. ‘हो-नाही’ प्रकारच्या नोंदींसाठी कॅपा (योगायोग वगळून दोघांचं किती जुळतं याचा आकडा) वापर. मतभेद झाला की वरिष्ठाचा आकडा घ्यायचा, हा नियम नसावा. व्याख्या पुन्हा वाचायची, नाहीच सुटलं तर तिसऱ्याला दाखवायचं.

फॉलोअपला न आलेल्यांबद्दल. टाके काढून गेलेला रुग्ण बरा असेल, दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा ऑपरेशन करून घेतलं असेल, किंवा हयातही नसेल. त्याच्यापुढे ‘परत झाला नाही’ लिहिणं ही सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात महाग चूक. प्रत्येकासाठी ‘शेवटचा ठाऊक असलेला दिवस’ हा कॉलम कर. बाराव्या दिवशी दिसेनासा झालेला माणूस १२ दिवसांपुरताच हिशेबात धरता येतो, आणि त्यासाठी सांख्यिकीत कॅप्लन-मायर वक्रासारखी साधनं आहेत. फोन करून विचारावंसं वाटेल. नैतिक परवानगीत तसं लिहिलेलं असेल तरच कर.

परवानगीवरून: एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक तुझ्याकडे आहे का? जुन्या नोंदींचा अभ्यास असला तरी आधी मंजुरी किंवा समितीकडून लेखी सूट लागते. नसेल तर आजच सरांशी बोल आणि आत्तापर्यंत जमवलेल्या ४० नोंदींबद्दल समितीला खरं काय ते सांगा. मागची तारीख टाकून काहीही करू नका. तुझ्या एक्सेलमध्ये नाव, फोन, नोंदणी क्रमांक राहता कामा नये. प्रत्येकाला अभ्यास-क्रमांक दे आणि जोडणारी किल्ली वेगळ्या, पासवर्ड असलेल्या फाइलमध्ये विभागाच्या संगणकावर ठेव. तारखांऐवजी ऑपरेशनपासूनचे दिवस ठेव. सीटीचे फोटो फोनवर काढून गटात पाठवण्याची सवय सोडून दे: कोपऱ्यात नाव असतं, आणि मूळ डायकॉम (सीटीची चित्रं साठवण्याच्या प्रकारातल्या) फाइलच्या शीर्षकात नाव आणि जन्मतारीख लपलेली असते. पातळ स्लाइसच्या डोक्याच्या सीटीतून तर चेहरा पुन्हा उभा करता येतो.

एक्सेलबद्दल पाचच गोष्टी. रंगानं माहिती साठवू नकोस. चौकोन जोडू नकोस. किल्लीच्या फाइलमधल्या तारखा दिवस-महिना उलट वाचल्या जातात, म्हणून तिथे दिवस, महिना, वर्ष वेगळे लिही. आणि कधीही एकच कॉलम निवडून सॉर्ट करू नकोस. एका क्लिकमध्ये सगळ्या रुग्णांची वयं दुसऱ्यांना जातात आणि काही वेडंवाकडं दिसतही नाही. कच्च्या नोंदींची प्रत रोज तारखेसह बंद करून ठेव.

आता सरांच्या प्रश्नातल्या ‘का’वर येऊ. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण विद्यार्थ्यांचे चांगले निघालेले डेटा याच ठिकाणी वाया जातात. ४० मध्ये ४ म्हणजे १० टक्के. हेच प्रमाण राहिलं तर १८० मध्ये १८. बहुघटकीय विश्लेषणात (अनेक घटकांचा परिणाम एकत्र तपासताना) एका घटकामागे किमान १० घटना असाव्यात, हा जुना ढोबळ नियम आहे. त्यावर वाद आहेत, पण १८ घटनांवर १४ घटक लादणं कुठल्याच बाजूला मान्य होणार नाही. तुला एक, फार तर दोन घटक परवडतात, आणि तीन गट असलेला घटक दोनांची जागा खातो. ०.०५ ची मर्यादा ठेवून १४ असंबंधित घटक एकेक करून तपासले, तर त्यातला किमान एक निव्वळ योगायोगानं ‘महत्त्वाचा’ निघण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. मग चर्चेत त्या योगायोगाला शारीरिक कारण जोडलं जातं आणि पुढचा विद्यार्थी तो संदर्भ म्हणून वापरतो.

‘ड्रेननं फायदा होतो का’ हे या फायलींतून सिद्ध करायला जाऊ नकोस. त्याचं उत्तर केंब्रिजच्या यादृच्छिक चाचणीनं २००९ मध्ये दिलं: २१५ रुग्ण, ड्रेन असलेल्यांत पुनरावृत्ती ९.३ टक्के, नसलेल्यांत २४ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी वेळेआधी थांबवली. तुझ्या फायलींत उलटं चित्रही दिसू शकेल. टेबलावरच मेंदू फुलून वर आला की आत नळी सरकवायला जागा राहत नाही आणि सर्जन ड्रेन घालत नाही. असा फुललेला मेंदू मुळातच कमी धोक्याचा. म्हणजे ड्रेन नसलेले रुग्ण चांगले निघतील आणि श्रेय ड्रेन न घालण्याला जाईल. यादृच्छिक वाटप नेमकं हेच टाळतं.

आणखी एक सापळा. डिस्चार्जनंतर दोन महिने एखादी गोळी घेतलेल्यांत पुनरावृत्ती कमी दिसली, तर थांब. दोन महिने गोळी पुरी करायची तर दोन महिने पुन्हा ऑपरेशन न होता जगायला हवं. तो फायदा गोळीचा असेलच असं नाही. अंदाज बांधायला वापरायचा घटक ऑपरेशनच्या वेळी ठाऊक असलेलाच हवा.

पुनरावृत्ती हा एकच काटाही पुरेसा नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण ७.१ वरून १.७ टक्क्यांवर आलं होतं, पण सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण औषधाच्या गटात ८३.९ टक्के आणि प्लासिबोच्या गटात ९०.३ टक्के होते. फक्त ‘परत झाला का’ मोजलं असतं तर ते औषध यशस्वी ठरलं असतं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी रुग्ण चालत होता का, कुणाच्या आधारानं, स्वतः जेवत होता का, हे जमेल तिथे नोंदव आणि सुधारित रँकिन स्केलवर (परावलंबनाचं माप) ० ते ६ मध्ये बसव.

मग उरतं काय, असं तुला वाटेल. पुरेसं उरतं. १८० पैकी १८ म्हणजे १० टक्के, आणि त्याचा ९५ टक्के विश्वासांतर (खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असण्याचा अंदाज) सुमारे ६ ते १५ टक्के. पुनरावृत्ती साधारण कितव्या दिवशी झाली, किती रुग्ण ९० दिवसांआधीच दिसेनासे झाले, आधी ठरवलेल्या एक-दोन घटकांचं काय दिसलं. एवढं नेटकं मांडलेला अभ्यास मला चौदा पी व्हॅल्यूंच्या तक्त्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

निम्म्या ओटी नोटमध्ये ड्रेन लिहिलेला नाही, ही तक्रार म्हणून तू लिहिलीस. तो तुझा पहिला निष्कर्ष आहे, आणि कदाचित सगळ्यात उपयोगी. त्याचं ऑडिट कर: गेल्या वर्षातल्या किती नोटमध्ये भोकांची संख्या, ड्रेन होता की नाही आणि तो सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखाली) की सबगॅलियल (टाळूच्या त्वचेखाली, कवटीवर), द्रवाचा रंग, आतला पडदा उघडला का, धुतल्यावर मेंदू किती वर आला, हे लिहिलेलं आहे? मग रेसिडेंटला सोबत घेऊन या सहा मुद्द्यांचा छोटा छापील तक्ता बनव, जो ऑपरेशन संपताच एका मिनिटात भरता येईल. तीन महिन्यांनी पुन्हा मोज. सहाच मुद्दे ठेव. वीस केलेस तर दुसऱ्या आठवड्यापासून तो कोरा येईल. पुढच्या वर्षी जो विद्यार्थी हाच प्रश्न घेईल त्याला पूर्ण नोंदी मिळतील, आणि रात्री दोन वाजता ड्रेन बंद पडल्यावर ड्युटीवरच्या माणसाला तो कुठल्या थरात आहे हे कळेल.

या सगळ्यात तुझं शिकणं कुठे, तर इथेच. फक्त रेकॉर्ड रूममध्ये बसू नकोस. सरांना विचारून एक बर होल पूर्ण बघ: पडदा उघडताच गडद, इंजिन ऑइलसारखा द्रव कसा येतो, धुणं कधी थांबवतात, मेंदू वर येताना कसा दिसतो. त्यानंतर ओटी नोट वाचताना तुला तिच्यात काय गाळलंय ते कळायला लागेल. वॉर्डात दहा रुग्णांचा ग्लासगो कोमा स्केल आणि प्रोनेटर ड्रिफ्ट (पुढे धरलेला हात खाली घसरतो का) रेसिडेंटच्या आधी, त्यांना उत्तर न विचारता, स्वतः तपासून कागदावर लिही आणि मग त्यांचं उत्तर बघ. परीक्षेला तेच लागतं. सांख्यिकीचं सॉफ्टवेअर शिकण्याची घाई नको; स्टॅटिस्टिशियनकडे मात्र आत्ता, डेटा जमवण्याआधी जा.

नावाचा प्रश्न विचारलास ते योग्यच केलंस. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: आराखडा, डेटा किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या दृष्टीनं महत्त्वाची दुरुस्ती करणं, अंतिम रूपाला मान्यता, आणि सगळ्या कामाबद्दल उत्तरदायी राहणं. नुसता डेटा जमवला तर पहिलाच पुरा होतो आणि तुझं नाव आभारात जातं. पण जो पहिला निकष पुरा करतो त्याला बाकीच्यांची संधी द्यायला हवी, असंही तीच समिती म्हणते. म्हणून नाव मागण्याऐवजी काम माग. प्रोटोकॉलच्या पानासोबत असं पत्र पाठव:

‘आदरणीय सर, सबड्युरलच्या अभ्यासाचा एक पानी आराखडा जोडला आहे. मुख्य व्याख्या, रुग्णांची निवड आणि तपासायचे दोन घटक यांवर आपलं मत हवं आहे. डेटासोबत कार्यपद्धती आणि निष्कर्ष या भागांचा पहिला मसुदा मी लिहू इच्छिते. कुणी काय काम करायचं आणि लेखकांचा क्रम काय, हे आत्ताच ठरवता येईल का? काम बदललं तर पुन्हा बोलू. आपली सवड कळवावी.’

‘बघू नंतर’मध्ये दरवेळी टाळाटाळ नसते; ज्या अभ्यासाला अजून आराखडाच नाही, त्याचे लेखक ठरवायचे कसे, ही अडचण खरी असते. कागद समोर आला की बोलणं सोपं होतं. पत्राला दोन आठवडे उत्तर नाही आलं तर समक्ष भेट. तरीही काही ठरलं नाही, तर ड्रेनच्या नोंदीचं ऑडिट दुसऱ्या मार्गदर्शकाकडे करता येईल का ते बघ आणि हा गठ्ठा नीट नोंदींसह परत कर.

वेळेचा हिशेब असा. नव्या व्याख्येनं आधी दहा फायली कर, घड्याळ लावून. एका फाइलला २५ मिनिटं लागली, तर १८० ना ७५ तास. आधीच्या ४० पुन्हा कराव्या लागतील. त्या जुन्या नियमांनी भरलेल्या आहेत. आठवड्याला सहा तास दिलेस तरी साडेबारा आठवडे, त्यात मंजुरीचा वेळ वेगळा. परीक्षेआधीचे सहा आठवडे फायलींना हातही लावू नकोस, म्हणजे हे काम परीक्षेआधी होणार नाही. तसं सरांना आत्ताच सांग. परीक्षेआधी प्रोटोकॉल, रजिस्टरची मोजणी, समितीचा अर्ज, दहा फायलींची चाचणी आणि २० सीटींची दुहेरी मोजणी एवढंच ठेव. परीक्षा झाल्यावर पहिल्या फाइलपासून सुरू कर, आणि शक्य असेल तर खालच्या वर्षातली एक जण सोबत घे, जी तुझ्या कुठल्याही १८ फायली तुझे आकडे न बघता पुन्हा भरेल.